दुसरा उकार

"चिठ्ठी नकली आहे. दुपारी बारापर्यंत पुरावा द्या, नाहीतर नियमाप्रमाणे नाव काढलं जाईल."

रविवारी सकाळी मोबाइलवर हा निकाल आला आणि मुद्रितशोधकाचा चहा कपातच राहिला. निकालाखाली एकतीस अंगठे होते. सगळे पंचांच्या बाजूने.

ग्रूपमध्ये येऊन त्याला जेमतेम पाच दिवस झाले होते. जुना कागद पिवळा पडू नये म्हणून काय करावं, हे शोधता शोधता तो मंगळवारी 'खोटा ऐवज'वर जाऊन धडकला. सिनेमात वापरलेल्या वस्तू जमवणाऱ्यांचा ग्रूप. एकाकडे खलनायकाच्या डोक्यात घातलेली रबरी वीट होती. एका दंतवैद्याने थर्मोकोलचा तुरुंगाचा दरवाजा दिवाणखान्यात उभा केला होता आणि तो पाहुण्यांना त्यातूनच आत घेत असे. तीस वर्षं मुद्रितशोधकाला वाटत होतं की जगात असलं वेड लागलेले आपण एकटेच. इथे तर वेड्यांचं अख्खं गाव वसलेलं. तो जेवताना हसला, आंघोळ करताना हसला, कचेरीत प्रुफं वाचतानाही हसला. बायको म्हणाली, "अहो, एकटेच हसताय. दार तरी लावून घ्या."

गावात राहायचं तर एक अट होती. प्रत्येकाने आपली एक वस्तू पंचांपुढे ठेवायची. याच्याकडे होती एकुलती एक चिठ्ठी. एका जुन्या सिनेमात नायिका घर सोडताना ती उशीवर ठेवते. पडद्यावर चार सेकंद दिसते. त्या चार सेकंदांसाठी त्याने तो सिनेमा अकरा वेळा पाहिला होता. स्टुडिओ मोडीत निघाला तेव्हा ती त्याला रद्दीत सापडली आणि त्याने रद्दीवाल्याला मिठी मारली होती.

निकालासोबत पडद्यावरचं चित्र जोडलेलं होतं. चिठ्ठीच्या शेवटी सही होती, 'तूझीच'. चांगला ऐसपैस दुसरा उकार. त्याच्या चिठ्ठीत होतं 'तुझीच'. पहिला उकार. बाकी अक्षर न् अक्षर सारखं.

"नक्कल करणाऱ्याने सवयीने शुद्धलेखन सुधारलं आणि तिथेच फसला," पंचांनी लिहिलं होतं. पंचांचं टोपणनाव 'लाकडी तलवार'.

त्याने भिंग आणलं. त्या उकारापाशी कागद पातळ झाला होता. ब्लेडने खरवडलेला. मागे बायको येऊन उभी राहिली. तिने एकदाच वाकून पाहिलं.

"सुधारलंत ना?"

"कोणी?"

"तुम्हीच, दुसरं कोण? मी यादीत 'लसुण' लिहिलं तर लाल पेनाने 'लसूण' करून मगच बाजारात जाता. ती बिचारी बाई तुमच्या हातून कशी सुटेल?"

आणि त्याला आठवलं. चिठ्ठी घरी आणली त्या दिवशी तो ती तासभर बघत बसला होता. नजर सारखी त्या उकारावर अडखळत होती. जिवाला चैन पडेना. ब्लेड, निळी शाई, दोन मिनिटांचं काम. मग चौकट केली आणि साफ विसरून गेला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही व्याकरणशुद्ध.

त्याने सगळं खरं खरं लिहून ग्रूपवर टाकलं. लोक पोट धरधरून हसले. पण लाकडी तलवार हसली नाही. "गोष्ट छान आहे. पुरावा?"

साडेअकरा वाजले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला रडू यावं असं त्यात काय होतं? पण आलं. तीस वर्षांनी कुठे आपली माणसं भेटली होती.

तेवढ्यात ग्रूपवर कधीच न बोलणारं एक नाव बोललं. 'सामानवाली'.

"मी इथे नुसती वाचत असते, पण आता राहवत नाही. त्या सिनेमाचं सामान मी सांभाळायचे. नायिकेचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ती चिठ्ठी मी लिहिली होती. तूम्ही फोटो टाकलात त्यात अक्षर माझंच आहे. तेवढा उकार माझा नाही. तूमचा विश्वास बसत नसेल तर माझा इलाज नाही."

"असं कोणीही म्हणेल," लाकडी तलवार.

मुद्रितशोधकाने तो मजकूर पुन्हा वाचला. या वेळी कचेरीत वाचतो तसा, एकेक अक्षर सुटं करून. मग तो असा ताडकन उठला की खुर्ची मागे पडली. त्याने मजकुराचं चित्र घेतलं, 'तूम्ही' आणि 'तूमचा' यांना लाल गोल केले आणि ग्रूपवर टाकलं. आयुष्यात लाखभर चुका पकडल्या असतील त्याने, पण चूक पाहून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

"त्यात काय चुकलंय?" सामानवालीने विचारलं. "'तू' मोठा, मग 'तूमचा' लहान कसा? मी जन्मभर असंच लिहिते."

मग लाकडी तलवारीने लिहिलं, "ऐवज खरा. दुरुस्तीसह."

अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. दंतवैद्याने त्याला तुरुंगात यायचं आमंत्रण दिलं. याने बायकोचे दोन्ही हात धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या, आणि नको नको म्हणत तिने तिसरी स्वतःहून घेतली.

मग धापा टाकत तो सामानवालीला आभाराच्या चार ओळी लिहायला बसला. खाली त्याने सही केली, 'तूमचाच'.

बायको खांद्यावरून वाचत होती. लग्नापासून बावीस वर्षं याच क्षणाची वाट पाहिल्यासारखी ती म्हणाली, "अहो, उकार चुकला."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि तसंच पाठवून दिलं. "इथे दुसराच लागतो."