तांबूचा कौल

"हाक मारूक नाय, टाळी वाजवूक नाय, खाऊ दाखवूक नाय," आईने नियम सांगितले. "साखळी सोडलंय काय तांबू जेच्याकडे जाईत, तेच्या घरी मी."

सर्वेशने मान हलवली. नितेशनेही हलवली, पण हसत. नितेश सगळ्या गोष्टी हसत करतो, आणि हे त्याच्या थोरल्या भावाला नितेशच्या जन्मापासून खटकत आलं आहे.

मुलुंडच्या डोंगराखालचा हा माळ रविवारी सकाळी कुत्र्यांचा असतो. माणसं सुटलेल्या साखळ्या गळ्यात अडकवून उभी राहतात आणि इंग्रजीत हुकूम सोडतात. ते हुकूम मराठीत असावेत, तशी कुत्री त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

आईची घाटकोपरची इमारत पाडून नवी होणार होती. तोवर आईने आणि तिच्या तांबू कुत्र्याने राहायचं कुठे? मुलुंडला थोरल्याकडे की बोरिवलीला धाकट्याकडे? आई म्हणाली, मला दोन्ही डोळे सारखे, मी बोट दाखवणार नाही. गावी देवाला फूल चिकटवून, ते कुठल्या बाजूला पडतं त्यावरून कौल लावतात, तसा तांबूला लावू.

सर्वेशला आई हवी होती असं म्हणणं जरा जास्त होईल. ती नितेशला मिळू नये, एवढं मात्र त्याला मनापासून हवं होतं. लहानपणापासून खेकड्यांचे मांसल डेंगे नितेशच्या ताटात पडले आणि सर्वेशच्या ताटात "तू मोठो ना रे" हे वाक्य पडलं. त्यातून तांबूचं तर जगजाहीर होतं. नितेश दिसला की तो शेपटीसकट अर्धा हलायचा. सर्वेश दिसला की जांभई द्यायचा. म्हणजे हा कौल नव्हताच. निकाल लावून झाल्यावर परीक्षा घेण्याचा प्रकार होता.

बाबा म्हणायचे, कौल देवाचा, पण फूल चिकटवतो गुरव. सर्वेशने गुरव व्हायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी त्याने सुके बोंबील भाजून कागदाच्या पुडीत बांधले आणि फ्रिजवर ठेवले. सुक्या बोंबलापुढे तांबूला नातीगोती दिसत नाहीत.

आता माळावर उभं राहून त्याने जॅकेटच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा. दुसराही रिकामा. त्याने जरा बाजूला होऊन बायकोला फोन लावला.

"अक्षता, फ्रिजवर एक पुडी आहे का गं?"

"आहे ना. घरभर वास मारतोय. शेजारचं मांजर केव्हाचं खिडकीत येऊन बसलंय. फेकू?"

"फेक," सर्वेश म्हणाला. वाट लागली होती.

"काय दादा, टेन्शन?" नितेशने विचारलं.

"कसलं टेन्शन? कुत्रा आहे तो."

"तोंड बघ ना यार तुझं. दहावीच्या निकालाला पण अस्संच होतं."

तेवढ्यात आई आली. तांबू तिच्या पिशवीला नाक लावूनच चालत होता. "हट् मेल्या," म्हणून तिने त्याला ढकललं आणि आधी नितेशकडे गेली. पिशवीतून तिने पुरचुंडी काढली. आईला कागद, प्लास्टिक काही चालत नाही. कुणाला काही द्यायचं ते जुन्या पातळाच्या चिंधीत, वर दोन गाठी मारून.

"खाजां आसा. उपाशी इलंस ना, बाबू?" तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"आई, खाऊ नाही म्हणालीस ना?" सर्वेश म्हणाला.

"ता कुत्र्यासाठी. ह्यो माझो झील."

झील, म्हणजे मुलगा, बहुतेक एकच होता. कारण सर्वेशकडे ती आली ती तोंडाचा पट्टा सोडतच.

"काय ता ध्यान! जॅकेट बग, कॉलर बग!" तिने जॅकेट दोन्ही बाजूंनी खाली खेचलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. "पन्नाशी इली, पण अक्कल काय इली नाय."

धाकट्याला खाजं, थोरल्याला अक्कल. सर्वेशने डोंगराकडे पाहिलं.

दोघे भाऊ माळाच्या दोन टोकांना जाऊन उभे राहिले. तांबूला मधे न्यायला आईला बरंच ओढावं लागलं. मग तिने साखळी सोडून गवतावर टाकली.

तांबूने स्वातंत्र्याचा पहिला उपयोग एका झुडपावर केला. दुसरा, एका जाड्या लॅब्राडोरची मागून चौकशी करण्यात. घराण्याचा निकाल तोवर ताटकळत उभा होता. मग त्याला नितेश दिसला. कान मागे टाकून तो नितेशकडे सुसाट सुटला.

अर्ध्या वाटेत थांबला. नाक वर केलं. वळला.

आणि थेट येऊन त्याने सर्वेशच्या कुशीत तोंड खुपसलं.

नितेश हसत नव्हता. सर्वेशने हे दृश्य नीट, वेळ घेऊन पाहिलं.

"जिंकलास यार दादा," नितेश जवळ येत म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"कुत्र्याला माणूस कळतो रे," सर्वेश म्हणाला. वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते पुन्हा म्हटलं. पुडी नाही, हाक नाही, काही नाही, तरी तांबू आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नितेशला सोडून त्याच्याकडे आलं होतं.

त्याने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघतही नव्हती. ती नितेशचे डोळे पदराने पुसत होती. "तोंड पाडू नको, बाबू. दर आयतवाराक येयन मी." मग त्याचा हात धरून ती रिक्षाच्या दिशेने चालायला लागली.

कौल त्याला, आणि हात धाकट्याला. तांबूसुद्धा चुकूनच आला असणार.

"ती साखळी उचल रे!" आई मागे न वळता ओरडली. "का ती पण मीच उचलूची?"

त्याने साखळी उचलली आणि ठेवायला जॅकेटच्या खिशात हात घातला. बोटांना कापड लागलं. तांबू उड्या मारायला लागला.

जुन्या हिरव्या पातळाची चिंधी होती, वर दोन गाठी मारलेली. आत भाजलेले सुके बोंबील होते.