सापळा क्रमांक एकोणचाळीस

फिनलंडच्या जंगलात कायसाची विसराळू म्हातारी आई हरवून तीन दिवस झाले होते. रोगांच्या साथींवर पाळत ठेवायला झाडांवर टांगलेले डासांचे सापळे आता डासांच्या पोटातल्या रक्तात तिलाच शोधत होते.

"एकोणचाळीस नंबरच्या सापळ्यातलं रक्त तुझ्या आईचंच आहे," कीटकतज्ज्ञ केतकी म्हणाली.

"कधीचं?" कायसाने कसंबसं विचारलं.

"वीस मिनिटांपूर्वीचं. पथक तिकडेच निघालंय. रोगजंतू नाहीत, पण साखर नुकतीच वाढलीये."

"म्हणजे बसून ब्लूबेरी खातेय. मधुमेह आहे, पण डॉक्टरांचं ऐकेल तर शपथ."

हसता हसता कायसाचे डोळे भरून आले. पडद्यावर डासाची टम्म फुगलेली मादी दिसत होती. शंभर माणसांना, कुत्र्यांना न सापडलेली आई तिने अंधारात निव्वळ श्वासाच्या वासावरून शोधली होती.