टीव्हीतलं दूध

सूनबाई जाहिरातींसाठी खाणं सजवायची. कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीत तिनं वाडग्यात दुधाऐवजी सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला होता, कारण खऱ्या दुधात कॉर्नफ्लेक्स कॅमेरा लागेपर्यंत मान टाकतात.

घरी ती जाहिरात लागली. सासूबाईंनी आधी टीव्हीकडे बघितलं, मग आपल्या वाडग्याकडे. सकाळी दूधवाला दारात येताच त्याची हजेरी घेतली.

"टीव्हीतलं दूध बघ कसं दाट असतं. त्यात कॉर्नफ्लेक्स तरंगतात, तुझ्या दुधात बुडून मरतात. पाणी घालतोस ना?"

"थेंबभरसुद्धा नाही हो, मावशी."

"मग काय टीव्हीवाले खोटं दाखवतात? तसलं दूध आणणार असशील तर ये, नाहीतर दुसरा बघते."

सूनबाईनं तोंड उघडलं, पण कंपनीची पुढची जाहिरातही तिच्याकडेच होती. तिनं चहाचा घोट घेतला. दूधवाल्याचा पडलेला चेहरा मात्र तिला बघवेना. जिन्यात गाठून तिनं गोंदाची खरी गोष्ट त्याच्या कानात सांगितली, तेवढीच त्याच्या जिवाला शांतता.

दोन दिवसांनी सासूबाईंच्या वाडग्यात कॉर्नफ्लेक्स ताठ मानेनं उभे होते.

"बघितलंस? दम दिला की कशी वठणीवर येतात माणसं," त्या चमचा भरत म्हणाल्या. "ती जाहिरात नसती, तर आपल्याला कधी कळलंच नसतं."

सूनबाईनं झडप घालून वाडगा ओढून घेतला. तो वास तिच्या रोजच्या कामातला होता.