बिनमिठाचा घास

"आज याच्या पोटात काही गेलं नाही, तर नुसत्या सलाइनवर मी याला फार दिवस ओढू शकणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि बिनमिठाच्या मऊ भात-भोपळ्याची वाटी त्यांनी टेबलावर ठेवली.

टेबलावर काका-काकूंचा कुत्रा ढब्बू पडून होता. पुढच्या पायात सुई, डोळे हळदीसारखे पिवळे. एका बाजूला काकू त्याची पाठ कुरवाळत होत्या. दुसऱ्या बाजूला काका उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कधीच कळलं नव्हतं.

ढब्बूला चिकन सोसत नसे. खाल्लं की अंग खाजवून खाजवून रक्त काढायचा. म्हणून काकांनी चार ठिकाणी विचारून, नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठी म्हणून मिळणारं कोरडं खाणं सुरू केलं होतं. वर्षभर ते मानवलंही. या खेपेच्या पोत्याला मात्र ढब्बू तोंड लावेना. काकांना वाटलं, लाडावलाय. त्यांनी दाणे कोमट पाण्यात भिजवले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि नऊ दिवस एकेक घास भरवला. दहाव्या दिवशी ढब्बू उठलाच नाही. मग काल दुकानदाराचा फोन आला. त्या पोत्यांतल्या मक्याला बुरशी होती, तिचं विष यकृतावर जातं, कंपनीने सगळा माल परत मागवला होता.

कंपाउंडरने घास पुढे केला. ढब्बूने मान वळवली. डॉक्टरीणबाईंनी करून पाहिलं, काकूंनी चुचकारलं. तो कुणाकडे बघेना.

"काका, तुम्ही द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"माझ्या हातून नको. तो नको म्हणत होता हो. नऊ दिवस नको म्हणत होता. मीच म्हणायचो, खा रे, माझ्यासाठी एवढा एक."

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ते विष डोळ्याला दिसत नाही, माणसाच्या नाकाला कळत नाही. पोतं खुद्द त्यांच्यासमोर उघडलं असतं तरी त्यांनाही कळलं नसतं. काकांनी मान हलवली, पण हात काही सोडले नाहीत.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "तो तुमच्याकडेच बघतोय."

काकांनी खाली पाहिलं. मग हात पुढे आणला, वाटीतून एक घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. तो सावकाश चावला, गिळला. जरा थांबले, जणू आपल्याला काही होतंय का ते बघत होते. मग दुसरा घास बोटांवर घेऊन ढब्बूच्या नाकाशी धरला.

ढब्बूने वास घेतला. बराच वेळ घेतला. मग जीभ बाहेर आली.

त्यानंतर वाटी संपेपर्यंत तसंच चाललं, एक काकांचा, एक ढब्बूचा. प्राण्यांचं जेवण माणसांनी खाऊ नये, असं कुणीच म्हणालं नाही. डॉक्टरीणबाईंनी कंपाउंडरला आणखी एक वाटी आणायला सांगितलं.