पणजोबांचा फेटा

कारगिलच्या जखमी जवानांच्या मदतीसाठी बडोद्यात माओरी नाचाचा कार्यक्रम झाला आणि त्यात संयोजक अभिजित शिर्के घाबरून लपला. छे, असं काही झालंच नाही.

झालं ते इतकंच. न्यूझीलंडहून आलेल्या त्या मंडळींची रीत अभिजितनेच माइकवरून समजावून दिली होती. त्यांचा योद्धा भाला परजत येतो, पाहुण्यापुढे एक पान ठेवतो आणि पाहुण्याने नजरेला नजर देत ते उचललं की दोस्ती पक्की.

"अहो, तो मान जवानांना द्या की," बायको आभा म्हणाली.

"छानीमानी बेस ने! गप्प बस गं! आमचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते."

पणजोबांचा फेटा चढवून तो पहिल्या रांगेत, व्हीलचेअरवरच्या हवालदार म्हस्क्यांशेजारी बसला. योद्धा डोळे वटारून, जीभ काढून, आरोळी ठोकत थेट त्याच्या नाकासमोर आला. पुढच्या क्षणी फेटा व्हीलचेअरच्या मागे होता आणि पान जमिनीवरच होतं.

म्हस्क्यांनी कुबडी टेकली, उरलेल्या एका पायावर उभे राहिले आणि योद्ध्यावरची नजर न हलवता वाकून पान उचललं. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मागे वळून हळूच विचारलं, "साहेब, तुम्हाला कुठं लागलं तर नाही ना?"



त्या क्षणाचा फोटो इस्पितळात जवानांच्या वॉर्डात लागला, तेव्हा अभिजितने वॉर्डप्रमुखांना रीतसर अर्ज केला: "सदर फोटोत खुर्चीमागे दिसणारा फेटा कोणाचाही नाही, असा दाखला सही-शिक्क्यानिशी मिळावा, ही नम्र विनंती."