सात नंबरच्या गोळ्या

“पुन्हा एकदा करून बघू,” ती म्हणाली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर तिने सात नंबरच्या खाटेवर क्लिक केलं.

उजवीकडे माहिती उघडली. वर अण्णांचं नाव, खाली अण्णांच्या गोळ्या. त्या तिला तोंडपाठ होत्या, म्हणून तर तिने तपासायला सात नंबर निवडला होता. हॉस्पिटलचा हा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. दोन वर्षं सगळे वॉर्ड त्याच्यावर बिनबोभाट चालले होते. आठ दिवसांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने तिचे वडीलच इथे येऊन पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि आज दुपारी सिस्टरनी तिला खाटेजवळून उठवून काउंटरवर आणून बसवलं होतं. अनायासे सापडलात, म्हणाल्या, आता आमचं गाऱ्हाणं डोळ्यांनी बघा.

“सिस्टर, पलीकडच्या कॉम्प्युटरवरून चार नंबरला कुणाला तरी दाखल करा. ती खाट रिकामी आहे ना?”

“कुणाला करू?”

“कुणालाही. खोटं नाव टाका.”

सिस्टरनी आपल्या जावेचं नाव टाकलं. तेवढंच समाधान.

डावीकडच्या भरलेल्या खाटांच्या यादीत चार नंबर आला आणि त्याखालच्या सगळ्या खाटा एकेक ओळ खाली सरकल्या. निळी पट्टी सात नंबरवरच राहिली. उजवीकडे अण्णांचं नावही तसंच राहिलं. नावाखालच्या गोळ्या मात्र बदलल्या.



तिने पुन्हा क्लिक केलं, सगळं बरोबर आलं. सिस्टरना चार नंबर काढून परत टाकायला लावला. गोळ्या पुन्हा बदलल्या. चूक एवढीशी होती. प्रोग्रॅम नाव खाटेवरून घेत होता आणि गोळ्या ओळीवरून. मघाशी सहाव्या ओळीत अण्णा होते, आता तिथे शेजारचे सहा नंबरचे काका आले होते. नाव अण्णांचं, गोळ्या काकांच्या. महिन्यापूर्वी हा नवा भाग जोडताना घरी तिने हे शंभरदा तपासलं होतं. पण घरच्या टेबलावर मध्येच कुणी पेशंट दाखल होत नव्हतं.

“महिनाभर फोनवर कंठशोष करतेय मी,” सिस्टर म्हणाल्या. “पेशंट म्हणतात, ही आमची गोळी नाही. तुम्ही काय म्हणालात? घाईत भलत्याच ओळीवर क्लिक करता.”

म्हणाली होती. वर हसलीही होती.

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? बोलता येणारा पेशंट भांडतो. तो भांडला की आम्ही कागदाची फाईल काढून बघतो.”

“आणि ज्याला बोलता येत नाही तो?”

 सिस्टर सात नंबरकडे बघायला लागल्या होत्या.

तिने पडद्यावर बोट ठेवलं. “काकांची ही पहिली गोळी. कशी असते दिसायला?”

“बारीक, पिवळी.”

“कशाची?”

“साखर उतरवायची.”

अण्णांना साखरेचा आजार नव्हता. आणि ती बारीक पिवळी गोळी तिने पाहिली होती. परवा पाहिली, काल पाहिली, आज सकाळी दहा वाजताही पाहिली. सकाळी दहा म्हणजे नवे पेशंट दाखल व्हायची वेळ. गोळ्यांचीही तीच. बाकीच्या गोळ्या अण्णा मुकाट्याने घ्यायचे, ही तेवढी जिभेने बाहेर ढकलायचे. परवा तर त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि नुसती मान हलवत राहिले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, थांबा, एकदा फाईल बघते.

“फाईल कशाला?” ती म्हणाली होती. “स्क्रीनवर आहे ना? मीच लिहिलंय ते.” मग तिने अण्णांचे गाल दाबून तोंड उघडलं होतं. “अण्णा, हट्ट करू नका बरं,” असंही म्हणाली होती, लहान मुलाला म्हणावं तसं.

आज ते अकरापासून झोपले होते. घाम येत होता म्हणून तिने पंखा वाढवला होता. चला, जरा डोळा तरी लागला, असं वाटून बरंही वाटलं होतं तिला.

“सिस्टर, साखर—”

सिस्टर केव्हाच ड्रॉवरमधलं साखर तपासायचं मशीन घेऊन धावल्या होत्या. “डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!” त्या जाता जाता ओरडल्या. ती मागून निघाली. दहा पावलांचं अंतर. इतकी भीती तिला अण्णांना झटका आला त्या दिवशीही वाटली नव्हती. त्या दिवशी तिने काही केलेलं नव्हतं.

अण्णांचा चेहरा घामाने निथळत होता. उशी ओली झाली होती. सिस्टरनी बोटाला सुई टोचली तरी ते हलले नाहीत. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि मशीनवर निकालाआधीचे सेकंद उलटे मोजले जायला लागले. पाच. चार.

“अण्णा.”

काही नाही.

“अण्णा, मी आलेय.”

पापण्या थरथरल्या. डोळे उघडले, इकडे तिकडे फिरले आणि तिच्यावर येऊन थांबले. ती वाकली. तिच्या हातात काहीही नव्हतं.

अण्णांनी या वेळी मान हलवली नाही. मनगटही धरलं नाही. तिच्याकडे बघत त्यांनी गुमान तोंड उघडलं.