कीर्तनाची मैत्रीण

साहितीने दहीभाताचे दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं.

"अम्मा, पोट दुखतंय. आज नको ना शाळा."

"परवाही दुखत होतं."

"आजही दुखतंय."

वसुंधराने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. सातवीतली पोर, वजन उतरत चाललेलं. कोरुटल्यात ऊन भाजायला लागलं होतं आणि ही अंगातला स्वेटर काढायला तयार नव्हती. गणवेशाची बाही फाटलीय, ती झाकायला, म्हणे. कशी फाटली, तर खिळ्याला अडकून.

"आजच्या दिवस रहा घरी," वसुंधरा शेवटी म्हणाली.

नवरा मस्कतला होता. फोनवर तो हसला. "नवी शाळा आहे, रुळायला वेळ लागतो. आपली बिड्डा मोठी होतेय, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस."

वर्गशिक्षिकाही तेच म्हणाल्या. "या वयात मुली घुम्या होतातच हो. घरी मोबाईल देता का तिला?"

देत होती. नवऱ्याचा जुना फोन साहितीकडेच असायचा. शाळेचा अभ्यास त्यावर यायचा, आणि संध्याकाळी ती तो घेऊन गच्चीवर बसायची.

वीज कार्यालयात शेजारच्या टेबलावर स्वरूपा बसायची. तिने वसुंधराचं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या फोनवर शोधायला लागली. "हे बघ. तुझ्या लेकीचं खातं."

साहितीचं नाव, साहितीचा गणवेशातला फोटो.

"विचार जाऊन तिला. बघ काय सांगते."

वसुंधराने त्याच संध्याकाळी विचारलं. "फोटो टाकायचं, गप्पा मारायचं असं काही खातं आहे का गं तुझं?"

"नाही अम्मा."

डोळ्याला डोळा भिडवून बोलली. पापणीही हलली नाही. वसुंधराला वाटलं, ही एवढं सफाईने खोटं बोलते, तर आणखी काय काय लपवत असेल?

"आईला कोण सांगतं?" दुसऱ्या दिवशी स्वरूपा म्हणाली. "मैत्रिणीला सांगतात. मग हो की मैत्रीण!"

अशी कीर्तना जन्माला आली. इयत्ता सातवी, राहणार जगित्याल, फोटोच्या जागी एक मांजर.

पहिलं उत्तर आलं तेव्हा साहिती गच्चीवर होती आणि वसुंधरा खाली डाळीला फोडणी देत होती.

"आमच्या गणिताच्या सरांचं पोट आधी वर्गात येतं, मग सर येतात."

वसुंधरा एकटीच खळखळून हसली. घरात मान खाली घालून वावरणारी पोर इतकी गमतीदार बोलते? ती संध्याकाळची वाट पाहू लागली. वर्गातल्या खोड्या, बाईंच्या नकला, कोणाचं कोणाशी भांडण, सगळं कळत होतं. "घरी कोण कोण असतं?" असं मात्र कीर्तनाने विचारलं, की उत्तर यायचं, "घरचं नको गं, बोअर." वसुंधराला जरा लागलं. पण लेक निदान कोणाशी तरी बोलत होती.

एकदा तिने धीर करून विचारलं, "तुला शाळेत कोणी त्रास देतं का?"

"मला? छे! मीच माझी बाही फाडली आणि मुलींनी फाडली म्हणून बोंब मारली. मोठी माणसं लगेच विरघळतात."

वसुंधराने ते पुन्हा पुन्हा वाचलं. फाटलेली बाही! साहितीशिवाय हे कोणाला ठाऊक असणार?

कीर्तनाने लिहिलं, "मी तर शाळा चुकवायला पोटदुखीचं सोंग करते. तू?"

"अगं, मीपण! आई लगेच फसते."

डाळ करपल्याचा वास आला, तरी वसुंधरा उठली नाही.

सकाळी साहिती पोट धरून खाटेवर बसली होती.

"ऊठ."

"अम्मा, खरंच..."

"ऊठ म्हणते ना!"

साहिती रडायला लागली. मग मोठ्या कष्टाने म्हणाली, "अम्मा, वर्गातली ती हरिका आणि तिच्या मैत्रिणी... त्या मला धरतात. जिन्याजवळ."

"आणि बाहीही त्यांनीच फाडली, असंच ना?"

साहितीने चमकून वर पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला. "हो. तुला कोणी सांगितलं?"

वसुंधराने तिच्या कानाखाली आवाज काढला. या हाताने आजवर तिला कधी मारलं नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी साहिती स्कूटरवरून उतरेना. तिने आईची ओढणी मुठीत धरली होती. वसुंधराने एकेक बोट सोडवलं आणि मागे न बघता स्कूटर वळवली. रस्ताभर तिचे डोळे वाहत होते. पण लाड पुरे झाले, आता पोर सुधारेल, असं ती स्वतःला बजावत राहिली.

दुपारी शाळेतून फोन आला. साहिती जिन्यावरून पडली होती. कशी पडली, कोणीच पाहिलं नव्हतं.

दवाखान्यात मुख्याध्यापिका दाराशी उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगत होत्या, वसुंधराला ऐकू येत नव्हतं. साहितीच्या डोक्याला पट्टी होती, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, "शुद्ध यायची वाट बघू. एवढंच हातात आहे."

नर्सने कात्रीने स्वेटर कापून काढला आणि तिचा हात थबकला. साहितीच्या मनगटापासून खांद्यापर्यंत चिमट्यांचे आणि नखांचे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले. काही आजचे.

"हे कधीपासून?" नर्सने विचारलं.

लेकीचा थंड हात हातात घेऊन वसुंधरा खाली बसली. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. नवऱ्याचा असेल म्हणून तिने काढून पाहिला. साहितीचा निरोप होता, आत्ताच आलेला.

"ए कीर्तना, आज पोटदुखी सांगून घरीच राहिले. आई परत फसली! तू काय करतेयस?"